बराच काळ उभी राहणारी वाहने आणि बागेतली यंत्रे : देखभाल कशी करावी?

पानापेटी (धागाकर्ता)

वाहन किंवा यंत्र चालवल्याने झिजते हे आपण गृहीत धरतो आणि म्हणून सर्व्हिसिंगचा हिशोब किलोमीटरमध्ये किंवा तासांमध्ये ठेवतो. गवत कापण्याचे यंत्र, ब्रश कटर, चेन सॉ आणि क्वचित बाहेर निघणारी दुसरी गाडी यांच्या बाबतीत मात्र हा हिशोब फसतो, कारण त्यांचे बहुतेक आजार चालण्यातून नव्हे तर उभे राहण्यातून जडतात. म्हणून हा धागा मुद्दाम त्या एकाच अंगाने काढत आहे : यंत्र ठेवून देण्यापूर्वी काय करावे आणि पुन्हा काढताना काय पाहावे.

सुरुवात पेट्रोलपासून करतो, कारण छोट्या इंजिनांच्या तक्रारींचे मूळ तिथेच सर्वाधिक वेळा सापडते. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण असते. ज्या हलक्या घटकांमुळे थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू होते, ते सर्वांत आधी उडून जातात, आणि उरलेल्या भागाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट, पिवळसर थर तयार होतो. टाकीत काही लिटर पेट्रोल असते, त्यामुळे तिथे हा बदल सावकाश होतो. पण कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, याच्या वाटीत ते जेमतेम काही चमचे असते आणि तेवढे वाळायला फार दिवस लागत नाहीत. मंद गतीला पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचे, म्हणजे जेटचे, छिद्र सुईच्या टोकाइतके असते, त्यामुळे तिथे साचलेला अगदी पातळ थरही इंजिन बंद पाडायला पुरतो. ‘चोक ओढला की चालते आणि चोक सोडला की बंद पडते’ ही तक्रार बहुतेक वेळा याच थराची असते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलात आणखी एक भर पडते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे तळाशी जाऊन बसतात, म्हणजे नेमके तिथे, जिथून नळी इंधन उचलते. टू-स्ट्रोक, म्हणजे वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळावे लागणाऱ्या इंजिनात हा प्रकार अधिक घातक ठरतो, कारण वंगणाचे तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते आणि इंजिनाला खालचा वंगणहीन थर मिळतो.

त्यामुळे महिनाभराहून अधिक काळ यंत्र लागणार नसेल तर टाकी रिकामी करावी, मग इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे आणि वाटीला खाली स्क्रू असल्यास तो सैल करून राहिलेले थेंबही काढून टाकावेत. हे काम मोकळ्या हवेत करावे आणि पेट्रोल काढताना इंजिन पूर्ण थंड असावे. काढलेले पेट्रोल ताजे असेल तर ते पेट्रोल गाडीच्या टाकीत मिसळून संपवता येते. टू-स्ट्रोकचे तेलमिश्रित पेट्रोल मात्र गाडीत घालू नये.

चाकोरी

मांडणी पटली, परंतु ‘टाकी रिकामी करावी’ या वाक्याला माझी हरकत आहे. मोटारसायकलींच्या बाबतीत नेमका उलटा सल्ला दिला जातो : टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही आणि पत्रा गंजत नाही. रिकाम्या ठेवलेल्या टाकीच्या आतल्या बाजूस गंज धरला की त्याची तांबडी भुकटी फिल्टरमध्ये आणि पुढे जेटमध्ये जाते, आणि ती टाकी साफ करणे हे कार्ब्युरेटर साफ करण्यापेक्षा कितीतरी किचकट काम आहे. मग दोन्हींपैकी खरे कोणते मानायचे?

पानापेटी

दोन्ही खरे आहेत. टाकी कशाची आहे यावर निवड ठरते. ब्रश कटर, चेन सॉ आणि बहुतेक आधुनिक गवतयंत्रे यांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्यांना गंजाचे भय नाही, म्हणून त्या रिकाम्या ठेवाव्यात. पत्र्याची टाकी असेल तर ती ताज्या पेट्रोलने भरावी, त्यात इंधन टिकवणारे रसायन, ज्याला बाजारात स्टॅबिलायझर म्हणतात, ते घालावे आणि कार्ब्युरेटर मात्र कोरडा करावा. टाकीखाली कॉक असेल तर हे सोपे जाते, कारण कॉक बंद करून इंजिन चालू ठेवले की वाटी आपोआप रिकामी होते.

स्टॅबिलायझरविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ते ताज्या पेट्रोलाला टिकवते, पण आधीच शिळ्या झालेल्या पेट्रोलाला ताजे करू शकत नाही. शिवाय ते टाकीत ओतून तसेच सोडून दिले तर कार्ब्युरेटरमध्ये जुनेच पेट्रोल राहते, म्हणून ते घातल्यावर इंजिन दहा मिनिटे तरी चालवावे.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत वाटीच नसते आणि पेट्रोल दाबाखाली बंदिस्त राहते, त्यामुळे ती काही महिने सहज सोसते. अशा गाडीची टाकी रिकामी करण्याच्या फंदात पडू नये, कारण पेट्रोलातच बुडून थंड राहणारा पंप कोरडा चालला तर तो जळतो.

हिरवळ

माझ्याकडे टू-स्ट्रोक ब्रश कटर आहे. वर सांगितल्याप्रमाणे कार्ब्युरेटर साफ करून घेतला आहे आणि पेट्रोलही नवीन आहे. यंत्र पहिल्या ओढीत सुरू होते, पाच-सात मिनिटे उत्तम चालते, नंतर ताकद कमी होत जाते आणि ते बंद पडते. थोडा वेळ थांबले की पुन्हा तेच चक्र सुरू होते. प्लग बदलून पाहिला, परंतु फरक पडला नाही. पुढे काय तपासावे?

कानस

‘थोडा वेळ थांबले की पुन्हा चालते’ हे लक्षण फार बोलके आहे. टाकीच्या झाकणाला हवा आत घेण्यासाठी बारीक छिद्र किंवा छोटी झडप असते. ती धूळ आणि तेलाने बुजली की पेट्रोल जसजसे कमी होते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि शेवटी नळीतून इंधन येणे थांबते. थांबल्यावर हवा हळूहळू आत झिरपते आणि यंत्र पुन्हा चालते. बंद पडण्याच्या बेतात असताना झाकण किंचित सैल करून पाहा; हवा आत शिरल्याचा ‘सुस्स’ असा आवाज होऊन इंजिन सावरले तर दोष झाकणातच आहे. तपासताना यंत्र सपाट जमिनीवर ठेवा आणि पेट्रोल गरम सायलेन्सरवर सांडणार नाही याची काळजी घ्या.

झाकण निर्दोष निघाले तर टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर तारेच्या आकड्याने बाहेर ओढून पाहावा. त्यासोबत नळीही बोटांनी दाबून पाहावी, कारण इथेनॉलमुळे जुने रबर कुठे मऊ आणि फुगलेले, तर कुठे कडक आणि भेगाळलेले होते, आणि त्या भेगेतून हवा शिरली की मिश्रणातले पेट्रोल कमी पडून इंजिन तापते.

तिसरी जागा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. ती काजळीने भरली की जळालेला वायू बाहेर पडत नाही, इंजिन सुरू होते परंतु वेग घेत नाही. थंड असताना ती काढून ताराच्या ब्रशने घासावी. जाळी फाटली असल्यास नवी बसवावी, पण ती काढून तसेच यंत्र चालवू नये, कारण वाळलेल्या गवतात एक ठिणगीही पुरते.

तेलाचे प्रमाणही एकदा तपासून घ्या. ५०:१ सांगितले असेल तर एक लिटर पेट्रोलात २० मिलिलिटर तेल, ४०:१ असेल तर २५ आणि जुन्या यंत्रांच्या २५:१ प्रमाणात ४० मिलिलिटर तेल लागते. अंदाजाने ओतणाऱ्यांचा कल ‘थोडे जास्तच बरे’ याकडे असतो आणि जाळी लवकर भरण्याचे ते एक मोठे कारण आहे. कमी तेल मात्र त्याहून वाईट. त्यात पिस्टनच अडकतो.

हिरवळ

दोष झाकणाचाच निघाला. छिद्रात वाळलेला चिखल बसला होता. झाकण साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवल्यावर यंत्र पूर्ण टाकीभर न थांबता चालले. जाळीही काळी पडली होती, ती साफ केली.

चाकोरी

आता गाडीच्या बॅटरीबद्दल विचारतो. आमची चारचाकी कधीकधी महिनाभर जागेवरून हलत नाही. आठवड्यातून एकदा सुरू करून पाच मिनिटे तशीच उभी चालू ठेवण्याचा सल्ला अनेकांनी दिला आहे. तो कितपत योग्य आहे?

पानापेटी

माझ्या मते हा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला तरी नुकसानच अधिक करतो. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले तर ती वाफ बाहेर पडते. पाच मिनिटांत ते तापत नाहीत, त्यामुळे पाणी सायलेन्सरमध्ये साचते आणि त्यातला काही अंश इंजिन ऑइलमध्येही उतरतो. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली कधी मळकट पांढरा साय धरल्यासारखा थर दिसतो, तो बहुधा याच ओलाव्याचा असतो. दुसरीकडे, इंजिन सुरू करताना बॅटरीतून जो मोठा प्रवाह खेचला जातो तो मंद गतीच्या पाच मिनिटांत भरून निघेलच असे नाही.

त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा गाडी खरोखर रस्त्यावर काढून अर्धा तास चालवावी. इंजिन तापते, बॅटरी भरते, ब्रेकच्या तबकड्यांवरचा गंज घासला जातो आणि टायर एकाच जागी दबून राहत नाहीत. ते शक्य नसेल तर गाडी मुळीच सुरू न करता बॅटरीची वेगळी सोय करावी.

ही सोय का लागते ते आकड्यांत पाहू. गाडी कुलूपबंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि संगणक मिळून ती २० ते ५० मिलिअँपिअर इतका प्रवाह सतत घेत असते. ५० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, म्हणजे ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन आठवड्यांच्या आत निम्मी होते. शिसे-आम्लाची बॅटरी अशा अर्धवट रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पत्र्यांवर सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि मग चार्जरने भरूनही तिची मूळ क्षमता परत येत नाही. काही तास निवांत ठेवलेल्या बॅटरीचे माप मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे, १२.४ दिसल्यास ती भरायला घ्यावी आणि १२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ रिकामी आहे असे समजावे.

भरल्यावर आपोआप थांबणारा मेंटेनन्स चार्जर जोडून ठेवणे सर्वांत उत्तम. तो नसेल तर ऋण तार काढून ठेवावी. काढताना आधी ऋण आणि मग धन, जोडताना आधी धन आणि शेवटी ऋण हा क्रम पाळावा, म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही. त्याआधी गाडीचे पुस्तक वाचावे, कारण काही गाड्यांत रेडिओचा संकेतांक पुन्हा द्यावा लागतो आणि काहींच्या डिकीचे कुलूप केवळ विजेवर चालते.

आणि कोणत्याही परिस्थितीत बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो.

रोपवाटिका

माझी सर्व अवजारे बॅटरीवर चालणारी आहेत : हेज ट्रिमर, ब्लोअर आणि छोटी चेन सॉ. पेट्रोलची कटकट नको म्हणून ती घेतली. या धाग्यातले मला काही लागू होते का?

कानस

पेट्रोल वगळता बरेचसे लागू होते. लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवली आणि त्यातही उष्ण जागी ठेवली तर तिची क्षमता लवकर घटते. पूर्ण रिकामी ठेवली तर व्होल्टेज इतके खाली जाऊ शकते की चार्जर तिला ओळखतच नाही. म्हणून दीर्घकाळ ठेवताना ती निम्म्याच्या आसपास भरलेली असावी, यंत्रातून काढलेली असावी आणि घरातल्या थंड, कोरड्या जागी असावी. पत्र्याच्या शेडमध्ये यंत्र राहू द्या, बॅटरी नको. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नये आणि शून्य अंशाखालील तापमानात तर मुळीच चार्ज करू नये.

पात्यांची निगा मात्र पेट्रोल असो वा वीज, सारखीच. हेज ट्रिमरच्या पात्यांवर झाडांचा चीक वाळून बसतो, पाती जड चालतात आणि मोटर विनाकारण जास्त प्रवाह खेचते. बॅटरी काढून पाती चीक विरघळवणाऱ्या द्रवाने पुसावीत आणि पातळ तेलाचा हात फिरवावा. एवढे केले तरी गंजाची चिंता मिटते.

चेन सॉबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. धार गेल्याची खूण भुशात दिसते : धारदार साखळी लाकडाच्या जाडसर ढलप्या टाकते, बोथट साखळी पिठासारखी भुकटी काढते आणि करवत दाबावी लागते. धार लावायला गोल कानस लागते आणि तिचा व्यास साखळीच्या मापाप्रमाणे ४, ४.८ किंवा ५.२ मिलिमीटर असा ठरलेला असतो. भलत्या मापाच्या कानशीने दाताचा आकारच बिघडतो. प्रत्येक दाताला सारख्याच ओढी द्याव्यात, अन्यथा करवत एका बाजूला ओढत जाते. दातांपुढचे खोली ठरवणारे उंचवटे काही वेळा धार लावल्यानंतर सपाट कानशीने किंचित उतरवावे लागतात. ते अंदाजाने उतरवणे धोक्याचे, कारण जास्त उतरले की साखळी लाकडात अडकून करवत अंगावर उसळते. त्यासाठी माप मिळते, तेच वापरावे.

काम झाल्यावर साखळी सैल करून ठेवावी. तापलेली साखळी प्रसरण पावलेली असते. त्या अवस्थेत घट्ट केली आणि तशीच सोडली तर थंड होताना साखळी आकसते आणि ज्या पट्टीवर ती फिरते तिच्यावर व बेअरिंगवर ताण आणते. पट्टी अधूनमधून उलटी करून बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

हिरवळ

गवत कापण्याच्या यंत्राचे पाते घरी धार लावण्याजोगे असते का? आणि यंत्र आडवे करताना कोणत्या बाजूला करावे? शेजाऱ्यांनी आडवे केल्यापासून त्यांच्या यंत्रातून पांढरा धूर येतो आहे.

कानस

धार घरी लावता येते, पण कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवावी. पाते हाताने फिरवले की इंजिनही फिरते, आणि सिलिंडरमध्ये थोडे पेट्रोल असेल तर ते सुरू होऊ शकते. ही एक पायरी कोणीही गाळू नये.

आडवे करताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या अंगाला राहतील असे करावे. उलट केल्यास ऑइल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरते. शेजाऱ्यांचा पांढरा धूर हे तेच जळणारे ऑइल असावे. कागदी फिल्टर ऑइलने भिजला असेल तर तो धुऊन उपयोग नाही, बदलावाच लागतो. प्लग काढून पुसावा, दोरी सावकाश ओढून आतले ऑइल बाहेर पडू द्यावे आणि ऑइलची पातळी पाहून यंत्र चालवावे. धूर काही मिनिटांत ओसरतो.

पात्याला वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्याच खड्याला मुडपते. मूळ उतार कायम ठेवून कानशीने एकसारखी कड काढावी. नंतर पाते मधल्या छिद्रातून भिंतीतल्या खिळ्यावर आडवे टांगावे. जी बाजू खाली झुकते ती जड आहे, तिथून आणखी थोडे घासावे. पाते मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेते, त्यामुळे काही ग्रॅमचा फरकही हादरे निर्माण करतो आणि ते हादरे इंजिनाच्या बेअरिंगपर्यंत पोचतात. भेग पडलेले किंवा वाकलेले पाते दुरुस्त करू नये, फेकून द्यावे.

आणखी एक : गवतयंत्रांच्या इंजिनांपैकी बऱ्याच इंजिनांत ऑइलचा पंप नसतो आणि फिल्टरही नसतो. आतला एक दांडा ऑइल उडवत राहतो, त्यावरच सगळे वंगण चालते. जेमतेम अर्धा-पाऊण लिटर ऑइल, तेही न गाळलेले. म्हणून हंगाम संपल्यावर, इंजिन कोमट असताना, ते बदलून मगच यंत्र ठेवावे. जळक्या इंधनाचे आम्लधर्मी अवशेष असलेले जुने ऑइल पुढचे कित्येक महिने धातूला चिकटून राहणे बरे नाही. तीव्र उतारावर असे इंजिन कोरडे पडते, हेही ओघाने आले.

चाकोरी

गाडीकडे परत येतो. तीन-चार महिने उभी असलेली गाडी बाहेर काढताना कोणता क्रम पाळावा?

पानापेटी

ठेवतानाच हँडब्रेक ओढला नसेल तर अर्धे काम हलके होते. दीर्घकाळ उभी राहणारी गाडी सपाट जागी गियरमध्ये, आणि ऑटोमॅटिक असल्यास पार्कमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावावेत, कारण ओढलेल्या अवस्थेत मागचे ब्रेक गंजून जागीच चिकटतात. टायरमध्ये शिफारशीपेक्षा थोडी जास्त हवा भरून ठेवावी आणि काढताना ती मूळ मापावर आणावी. हवा थंड टायरमध्येच मोजावी.

सुरू करण्याआधी बॉनेट उघडावे. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केले आहे का आणि तारा कुरतडल्या आहेत का ते पाहावे. उभ्या गाडीत हा प्रकार कल्पनेपेक्षा बराच जास्त आढळतो. ऑइल आणि कूलंट यांची पातळी थंड इंजिनावर पाहावी. गाडीखाली डाग असेल तर बोट लावून पाहावे : हिरवट किंवा गुलाबी आणि बुळबुळीत असेल तर तो कूलंट, काळसर असेल तर ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूस ओल दिसली तर ब्रेकचे तेल गळत असण्याची शक्यता धरून गाडी हलवूच नये.

ब्रेकच्या तेलाचा हिशोब किलोमीटरवर नसून वर्षांवर आहे, आणि बहुतेक उत्पादक ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. ते हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर पाणी शोषलेल्या तेलासाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब घाट उतरताना ते उकळले की वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल मऊ पडते. टायरचेही तसेच आहे. कडेवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी कडेला बारीक भेगा दिसत असतील तर तो टायर वेगाने चालवण्याजोगा राहिलेला नाही.

बॅटरी जोडून इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझेपर्यंत वेग वाढवू नये. मग गाडी चालण्याच्या गतीने पुढे घेऊन दोन-तीनदा ब्रेक दाबावा. पहिल्या दाबाला खरखर ऐकू येते, ती तबकड्यांवरच्या वरवरच्या गंजाची असते आणि थोड्या अंतरात जाते. गेली नाही, गाडी एका बाजूला ओढली किंवा थोड्याच अंतरानंतर एखाद्या चाकाजवळ जळका वास येऊन ते इतरांपेक्षा जास्त गरम झाले, तर त्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे ब्रेक तबकडीवर दाबणारा भाग, अडकलेला आहे. तो सोडवून घेतल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नये.